मंदिराच्या दारापासून गायरानापर्यंत: तीन लाख भूमिहीनांना जेलमध्ये नेणारे दादासाहेब गायकवाड

चांदवडचा मतदार लोकसभेला दिंडोरी मतदारसंघात मतदान करतो. २०२४ च्या निवडणुकीत हा मतदारसंघ कांद्यामुळे देशभर गाजला. निर्यातबंदीवरून शेतकरी चिडलेला होता आणि केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार पराभूत झाल्या.

कांदा विकणाऱ्याचा राग सगळ्यांना दिसला. पण तोच कांदा मजुरीवर लावणाऱ्या आणि काढणाऱ्या, स्वतःच्या नावावर एक गुंठाही नसलेल्या माणसाचं काय? त्याचा प्रश्न साठ वर्षांपूर्वी थेट दिल्लीत नेणारा नेता याच दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा होता.

नाव भाऊराव कृष्णाजी गायकवाड. लोकांसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड. (कर्मवीर भाऊराव म्हटलं की अनेकांना रयत शिक्षण संस्थेचे भाऊराव पाटील आठवतात. हे ते नव्हेत.)

दादासाहेबांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ चा. त्यांचं नाव राज्यभर झालं ते नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहामुळे. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हा सत्याग्रह सुरू झाला. दहा दिवसांनी गांधीजी दांडीला निघाले. काळही कठीण होता. जागतिक मंदीने शेतमालाचे भाव कोसळत होते आणि शेतकऱ्याच्या हातात पैसा नसला की सगळ्यात आधी मजुराचं काम जातं.

त्याच वर्षी बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले. मागे नाशिकचा रोजचा लढा सांभाळला तो दादासाहेबांनी. माणसं जमवायची, अटकेत गेलेल्यांची घरं बघायची, पैसे उभे करायचे, गावात बहिष्कार पडला तर धावून जायचं. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रं पुढे पुस्तकरूपात आली. ती वाचली की या दोघांचं नातं नेता आणि कार्यकर्ता एवढंच नव्हतं हे कळतं.

सत्याग्रह पाच वर्षं चालला. मंदिराचं दार काही उघडलं नाही. मग हाती काय लागलं? १९३४ मध्ये बाबासाहेबांनीच दादासाहेबांना कळवलं होतं की मूर्तीची पूजा करता यावी हा लढ्याचा हेतूच नव्हता, आपल्या माणसांना त्यांच्या स्थितीची जाणीव होऊन ती उभी राहावीत हा होता. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, चांदवडच्या शेजारच्या येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली.

१९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नावातच मजूर होता. १९३७ मध्ये दादासाहेब मुंबई विधानसभेत निवडून गेले. या पक्षाने कोकणातल्या खोतीविरुद्ध विधेयक आणलं आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा थेट मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. जातीचा प्रश्न आणि पोटाचा प्रश्न वेगळे काढता येत नाहीत हे राजकारण दादासाहेबांनी तिथे आतून पाहिलं. माझ्या मते त्यांच्या पुढच्या आयुष्याची किल्ली इथे आहे.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर निवडून आले. त्याच वर्षी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि काही काळातच फुटलाही. वाद धोतर विरुद्ध कोट-पँट असा रंगवला गेला. एका बाजूला शिकलेले वकील, दुसऱ्या बाजूला धोतर नेसणारे, खेड्यातून आलेले दादासाहेब. जमिनीसाठी सत्याग्रह करणं म्हणजे कम्युनिस्टांच्या वाटेने जाणं, असा आरोप त्यांच्यावर झाला.

त्यांनी वाट सोडली नाही. १९५९ मध्ये नाशिक, खानदेश, मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. मागणी सोपी होती. गावात सरकारची पडीक जमीन आहे, गायरान आहे आणि त्याच गावात बिनजमिनीचा माणूस आहे, तर ती जमीन त्याला कसायला द्या.

खरा मोठा लढा आला १९६४ मध्ये. देशात धान्याची टंचाई होती. भाव भडकले होते. अमेरिकेतून पीएल-४८० योजनेखाली गहू येत होता. रोज मजुरी करून रोज धान्य विकत घेणाऱ्याला महागाईचा फटका सगळ्यात जास्त बसतो, कारण त्याच्या घरात साठवलेलं पोतं नसतं.

अशा वेळी दादासाहेब राज्यसभेत खासदार होते. त्यांच्या पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींकडे दहा मागण्यांची सनद दिली. ती नीट पाहायला हवी. कसेल त्याला जमीन, पडीक जमीन भूमिहीनांना, धान्याचं योग्य वाटप आणि भावावर नियंत्रण, १९४८ च्या किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी, झोपडपट्टीत राहणाऱ्यांची स्थिती सुधारणं, बौद्ध झालेल्या दलितांना सवलती, आणि संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये बाबासाहेबांचं तैलचित्र.

यातल्या कितीतरी मागण्या एका जातीपुरत्या नाहीत. धान्याचा भाव आणि किमान वेतन हे कुठल्याही मजुराचे विषय होते. उपासमारीच्या वर्षात माणूस फक्त मदत मागेल असं सरकारला वाटतं. इथे ती माणसं हक्क मागत होती.

६ डिसेंबर १९६४, महापरिनिर्वाण दिनी सत्याग्रह सुरू झाला. अनेक राज्यांत लोकांनी स्वतःला अटक करवून घेतली, बायका कडेवर पोरं घेऊन आल्या, तुरुंग कमी पडले. अटक झालेल्यांचा आकडा तीन लाखांहून जास्त सांगितला जातो. रोजंदारीवरच्या माणसाने जेलमध्ये जायचं म्हणजे तेवढ्या दिवसांची चूल बंद, हे लक्षात घेतलं की हा आकडा वेगळाच वाटतो. अखेर शास्त्रींनी आश्वासनं दिली आणि १९६५ च्या सुरुवातीला सत्याग्रह मागे घेण्यात आला.

आश्वासनांचं काय झालं? काही ठिकाणी जमिनी मिळाल्या, बऱ्याच ठिकाणी नाही. १९६७ मध्ये दादासाहेबांनी काँग्रेसशी युती केली, त्यावरून टीका झाली, पक्ष आणखी विखुरला. हा भाग त्यांच्या गौरवग्रंथी चरित्रांत लवकर उरकला जातो, पण तोही त्यांच्याच आयुष्याचा आहे. १९६८ मध्ये पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ ला ते गेले.

सनदेतली दोन कलमं मात्र १९९० मध्ये पूर्ण झाली. बाबासाहेबांचं तैलचित्र सेंट्रल हॉलमध्ये लागलं आणि बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. तोवर सत्याग्रहाला पंचवीस वर्षं उलटली होती. १९९१ मध्ये राज्य सरकारने भूमिहीनांची गायरानावरची जुनी अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय घेतला. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानावरच्या अतिक्रमणांना पुन्हा नोटिसा गेल्या, तेव्हा हा विषय मिटलेला नाही हे दिसलं. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्या किसान लाँग मार्चमधले आदिवासीही कसत असलेली वनजमीन नावावर करा, हेच मागत होते.

आज दादासाहेबांच्या नावाने राज्य सरकारची सबळीकरण आणि स्वाभिमान योजना आहे. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन घेऊन द्यायची, अशी ती योजना. २०१८ पासून पूर्ण रक्कम अनुदान म्हणून मिळते, पण खरेदीची मर्यादा आहे: कोरडवाहूला एकरी पाच लाख, बागायतीला आठ लाख. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षपट्ट्यात या भावात जमीन विकायला कोण तयार होईल, ते तिथल्या कुणालाही विचारून पाहा.