शब्दांची जन्मकुंडली मांडणारा शिक्षक : जेम्स मरे

इंग्रजी शब्दाचा अर्थ अडला की आपण डिक्शनरी उघडतो. पण तो शब्द आला कुठून, हे शोधण्यात ज्यांनी अख्खं आयुष्य घालवलं ते जेम्स मरे मूळचे शाळामास्तर होते, हे फार कमी जणांना माहीत असतं.

जेम्स यांचा जन्म १८३७ साली स्कॉटलंडमधल्या डेनहोम या खेड्यात झाला. वडील शिंपी. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे चौदाव्या वर्षी शाळा सुटली. शिक्षण मात्र सुटलं नाही. लॅटिन, ग्रीक, फ्रेंच असं जे हाती येईल ते हा मुलगा स्वतःच शिकत गेला. गावातल्या गायींनी लॅटिन हाकेला ओ द्यावी म्हणून त्याने खटपट केली होती, असं सांगतात! सतराव्या वर्षी तो हॉइक गावात सहायक शिक्षक झाला आणि विसाव्या वर्षी मुख्याध्यापक.

पुढे पहिलं मूल दगावलं. पत्नीला क्षय होता. तिला हवापालट हवा म्हणून मरे शाळा सोडून लंडनला आले आणि एका बँकेत कारकुनी करू लागले. पण पत्नी वाचली नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये नोकरीसाठी त्यांनी अर्ज केला, त्यात येत असलेल्या भाषांची भलीमोठी यादी दिली, तरी नोकरी मिळाली नाही. त्यांच्याकडे पदवी नव्हती. दुसरं लग्न झालं आणि १८७० मध्ये ते मिल हिल शाळेत पुन्हा शिकवू लागले.

१८७९ मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचं संपादन त्यांच्याकडे आलं. काम दहा वर्षांत संपवायचं ठरलं होतं. पाच वर्षांनी पहिला भाग छापून झाला तेव्हा गाडी 'ए'पासून जेमतेम 'अँट' म्हणजे मुंगीपर्यंत पोहोचली होती!

मरे यांनी बागेत पत्र्याची एक शेड उभारली. देशोदेशीचे वाचक पुस्तकांतून एकेक शब्द वेचून, वाक्यासह चिठ्ठीवर लिहून पाठवत. लाखो चिठ्ठ्या आल्या. मरे यांना अकरा मुलं झाली. चिठ्ठ्या वर्णक्रमाने लावायचं काम ती करत आणि त्याबद्दल त्यांना खाऊचे पैसे मिळत. (वर्णक्रम शिकवायचा याहून चांगला उपक्रम मला तरी माहीत नाही.) ऑक्सफर्डला गेल्यावर नवी शेड अर्धवट जमिनीत गाडावी लागली, कारण शेजाऱ्यांना ती डोळ्यांत खुपत होती. तिथे इतका गारठा असे की मरे कधीकधी पाय खोक्यात घालून बसत.

त्यांनी हाताळलेले काही शब्द बघा. 'कॅल्क्युलेट'च्या मुळाशी लॅटिनमधला खडा आहे. रोमन लोक खडे मांडून हिशोब करत, आपली पहिलीतली मुलं चिंचोके मांडतात तसंच. 'कँडिडेट' म्हणजे पांढऱ्या वस्त्रातला, कारण रोममध्ये पदासाठी उभा राहणारा माणूस पांढराशुभ्र झगा घालून फिरे. (आपल्याकडचे उमेदवार आठवले ना?) माझा सगळ्यात आवडता शब्द 'प्युपिल'. डोळ्याच्या प्युपिलचा लॅटिन अर्थ छोटी बाहुली. समोरच्याच्या डोळ्यात आपलं चिमुकलं रूप दिसतं, म्हणून. आपण मराठीत डोळ्यातली बाहुलीच म्हणतो! विद्यार्थी या अर्थाचा 'प्युपिल'ही त्याच कुळातला, पण तो पोरक्या, दुसऱ्याच्या सांभाळात असलेल्या मुलासाठीच्या शब्दातून आला.

एक शब्द मात्र राहून गेला. 'अपेंडिसायटिस' हा तेव्हा फक्त डॉक्टरांच्या तोंडचा अवघड शब्द, म्हणून तज्ज्ञांच्या सल्ल्याने तो वगळला गेला. १९०२ मध्ये सातव्या एडवर्ड राजाला नेमकं तेच दुखणं झालं, राज्याभिषेक पुढे ढकलावा लागला आणि शब्द घरोघरी पोहोचला. कोशात तो नव्हताच.

१९०८ मध्ये मरे यांना 'सर' किताब मिळाला. ज्या ऑक्सफर्डसाठी ते राबले त्या विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली ती मात्र १९१४ मध्ये. पुढच्याच वर्षी, २६ जुलै १९१५ रोजी, ते गेले. तेव्हा ते 'टी' अक्षरावर काम करत होते. कोश १९२८ मध्ये पूर्ण झाला, चार लाखांहून जास्त शब्दांचा. त्यांची मुलगी रॉसफ्रिथ तेव्हाही कोशाच्या कामावर होती.