आइस्क्रीम वितळलं आणि मोटर जन्माला आली

मालवणला गेलात की सिंधुदुर्ग किल्ल्याच्या वाटेवर होड्यांची वर्दळ असते. त्यातल्या एखाद्या छोट्या होडीच्या मागच्या फळीकडे नीट बघा. तिथे टांगलेलं इंजिन दिसेल. फळीला दोन स्क्रू आवळून बसवलेलं, आणि तेच दोन स्क्रू सैल केले की खांद्यावर घेऊन घरी नेता येईल असं. मच्छीमार त्याला ओबीएम म्हणतात. आउटबोर्ड मोटर. ही मोटर घराघरांत पोहोचवणाऱ्या माणसाची ही गोष्ट आहे. त्याचं नाव ओले इव्हिनरूड.

ओले जन्मला १८७७ साली नॉर्वेत. पाच वर्षांचा असताना घरचे अमेरिकेत आले आणि विस्कॉन्सिन राज्यात शेती करू लागले. पोराचं शेतीत मन रमेना. त्याला ओढ होती यंत्रांची आणि पाण्याची. सोळाव्या वर्षी त्यानं घर सोडलं, मॅडिसन गाठलं आणि एका कारखान्यात काम धरलं. हातात डिग्री नव्हती. दिवसा मशीनवर, रात्री इंजिनियरिंगच्या पुस्तकांवर, असा त्याचा अभ्यास. पुढे पिट्सबर्ग, शिकागो असं करत तो मिलवॉकीत स्थिरावला आणि पेट्रोल इंजिनं बनवू लागला. त्याच गावात हार्ले-डेव्हिडसनची बाइक आकार घेत होती, आणि त्या पोरांना सुरुवातीला ओलेनं मदत केल्याचं सांगितलं जातं. म्हणजे तुमच्या ड्रीम बाइकशीही याचं थोडंफार नातं आहेच!

आता आइस्क्रीमचा किस्सा. १९०६ चा उन्हाळा. मित्रमंडळी ओकाउची तळ्यावर सहलीला गेलेली. सोबत बेस कॅरी होती, जिच्याशी त्याचं लग्न ठरायच्या बेतात होतं. तिला आइस्क्रीम खावंसं वाटलं. दुकान तळ्यापलीकडे. पठ्ठ्या भर उन्हात वल्ही मारत गेला आणि परत येईपर्यंत आइस्क्रीमचं पाणी झालेलं. त्याच वर्षी दोघांचं लग्न झालं, आणि होडीला इंजिन लावायचा विचार त्याच्या डोक्यातून काही गेला नाही.

होडीला इंजिन तेव्हाही असायचं, पण ते होडीच्या पोटात. तळातून भोक पाडून दांडा बाहेर काढायचा आणि त्याला पंखा लावायचा. काही बिघडलं की अख्खी होडी किनाऱ्यावर ओढायची. इंजिन बाहेर टांगायची कल्पनाही ओलेची पहिली नव्हे. त्याच्या आधी काहींनी तशा मोटरी विकल्याही होत्या. ओलेनं ती गोष्ट भरवशाची केली. वर इंजिन, मधे उभा दांडा, खाली पाण्यात गिअर आणि पंखा. सगळं एकाच तुकड्यात. पहिला नमुना पाहून बेसला तो कॉफी दळायच्या यंत्रासारखा वाटला म्हणे. पण एका मित्रानं ती मोटर उसनी नेली आणि परत आला तो दहा मोटरींची ऑर्डर घेऊनच.

१९०९ पासून धंदा सुरू झाला. मोटरीचं वजन ६२ पाउंड, म्हणजे साधारण २८ किलो. ओले कारखान्यात, तर पत्रव्यवहार आणि जाहिरात बेसकडे. वल्ही फेकून द्या, या अर्थाची तिची जाहिरात इतकी चालली की परदेशातूनही मागणी येऊ लागली. पण रात्रंदिवसच्या कामानं बेसची तब्येत ढासळली. तेव्हा ओलेनं काय केलं? ऐन भरात आलेल्या कंपनीतला आपला वाटा त्यानं भागीदाराला विकून टाकला. पाच वर्षं या धंद्यात पडणार नाही असं लिहूनही दिलं, आणि बायको-मुलाला घेऊन तो भटकायला निघाला. विचार करा, कंपनीवर नाव तुमचं आणि दारं तुम्हालाच बंद!

पण डोकं थोडंच बंद होतं? मुदत संपेपर्यंत त्यानं ॲल्युमिनियम वापरून दोन सिलिंडरची नवी मोटर आखली होती. वजन ४८ पाउंड, ताकद जुनीपेक्षा जास्त. जुन्या भागीदाराला ती दाखवली, त्यानं नाही म्हटलं. मग नवराबायकोनं एल्टो नावाची नवी कंपनी काढली. १९२९ मध्ये विलीनीकरण होऊन इव्हिनरूड नावाची जुनी कंपनी पुन्हा ओलेच्या हाताखाली आली. १९३३ मध्ये बेस गेली, आणि पुढच्याच वर्षी ओलेही.

त्याच्या कल्पनेचं मोल कळायचं असेल तर पुढचं ऐका. १९५९ साली बाजारात आउटड्राइव्ह आला. इंजिन होडीच्या आत, पंख्याचा पाय बाहेर आणि दोघांना जोडणारा दांडा मागच्या फळीतून आरपार. ताकद मोठी, पण आतलं-बाहेरचं पुन्हा एकमेकांत अडकलं. रबरी आवरण फाटून खारं पाणी शिरलं की दांड्याच्या खाचा गंजून जाम होतात. सगळे नट काढले तरी पाय जागचा हलत नाही. घाईनं हातोडा घातला तर ॲल्युमिनियम तडकतं. जाणता मेकॅनिक आधी पायाचं वजन साखळीवर तोलतो, गंज सोडवणारं तेल मुरू देतो आणि दोन्ही बाजूंनी सारखाच जोर देत तसूतसूनं पाय मागे ओढतो. तरी नाही सुटला, तर इंजिनच पुढे सरकवावं लागतं. सुटल्यावर बेअरिंग तपासायचं, रबर नवं घालायचं, खाचा घासून ग्रीस भरायचं आणि इंजिन सरळ रेषेत आहे ना ते बघायचं. हे दरवर्षी केलं तर पाय जाम होतच नाही.

करिअरच्या गडबडीत तुम्हीही हे लक्षात ठेवा. ओलेनं मोटर सुटेल अशी बांधली, आणि वेळ आली तेव्हा स्वतःलाही सोडवून घेतलं. म्हणूनच तो परत आला, तेही जास्त हलकी मोटर घेऊन.