गहाण मुलखातला टेलरसाहेब

बँकेत सारी नोकरी गेल्यामुळं कर्ज, तारण, थकबाकी हे शब्द माझ्या अंगवळणी पडलेले आहेत. घर तारण, सोनं तारण, ट्रॅक्टर तारण, सगळं पाहिलं. पण अख्खा जिल्हा तारण गेल्याचं उदाहरण आपल्या घरातच आहे. निजामाच्या राज्यात इंग्रजांनी एक फौज ठेवली होती आणि तिचा खर्च निजामानं द्यायचा होता. तो थकत गेला. शेवटी १८५३ च्या तहानं वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर आपला धाराशिव-नळदुर्गचा मुलूखही इंग्रजांकडं लावून देण्यात आला. या गहाण मुलखाचा कारभार पाहायला जो अधिकारी नळदुर्गला आला, तो होता फिलिप मेडोज टेलर. हा माणूस कादंबरीकारही होता. नोकरी करून कादंबऱ्या लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला त्याच्याविषयी जिव्हाळा वाटला, तर वाचक समजून घेतील.

टेलरचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी लिव्हरपूलला झाला. पंधराव्या वर्षी त्याला मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडं कारकुनीसाठी धाडलं. पोरगा बोटीतून उतरला तेव्हा ती पेढीच डबघाईला आलेली होती. १८२४ मध्ये निजामाच्या फौजेत जागा मिळाली, ती त्यानं पत्करली. कंपनी सरकारचा तो कधीच नोकर नव्हता. त्यामुळं वशिला नाही, बढतीची हमी नाही. जे काही मिळवायचं ते इथल्या भाषा शिकून आणि इथल्या माणसांत वावरून. त्याचं लग्न झालं मेरी पामरशी. निजामाच्या दरबाराला भरमसाट व्याजानं कर्जं देऊन अखेर बुडालेल्या पामर पेढीच्या विल्यम पामरची ही मुलगी. तिची पणजी-आजीची नाती हिंदुस्थानी. म्हणजे कर्ज आणि हिंदुस्थान हे दोन्ही साहेबाच्या घरातच होते!

ठगांच्या तोंडून ऐकलेल्या हकिकतींवरून त्यानं लिहिलेली ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी १८३९ मध्ये निघाली आणि विलायतेत गाजली. पण तो तिथं रमला नाही. परत येऊन त्यानं लंडनच्या ‘टाइम्स’ला बातमीपत्रं लिहिली आणि आजच्या कर्नाटकातल्या सुरपूर संस्थानात, राजा अज्ञान असताना, कारभार सांभाळला. तो छोटा राजा व्यंकटप्पा नायक त्याला अप्पा म्हणे.

सुरपूरनंतर आला नळदुर्ग. टेलर राहिला तो किल्ल्यातच. नळदुर्ग ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बोरी नदीच्या खोऱ्यात पुढं आलेल्या काळ्या खडकावर हा किल्ला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, किल्ला आणि शेजारचं रणमंडळ यांच्यामध्ये नदीवर दगडी बंधारा घातला आणि बंधाऱ्याच्या पोटातच महाल बांधला. तो पाणीमहाल. पावसाळ्यात बोरी भरली की नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं आणि माणूस आत महालात कोरडा उभा राहतो. दुष्काळी मुलखातलं हे पाण्याचं बेटच म्हणायचं.

टेलरनं हे सौंदर्य पाहिलं. तो चांगला चित्रकार होता, जुन्या इमारती आणि खडक यांचा अभ्यासक होता. पण कारभारी म्हणून त्यानं हात घातला तो जमिनीची मोजणी, शेतसाऱ्याची घडी, रस्ते आणि तलाव यांच्या कामाला. त्याला देवमाणूस ठरवण्याचं कारण नाही. गहाण मुलखाचा वसूल गोळा करणारा तो परक्या सत्तेचा माणूस होता. तरी कुणब्याला झेपेल असा सारा बसवला तरच सरकारचीही तिजोरी भरते, हे त्याला कळलं होतं. वसुलीला गेलेल्या प्रत्येक बँकवाल्याला हे शहाणपण केव्हा ना केव्हा येतं.

१८५७ मध्ये त्याची बदली बुलढाण्याला झाली. सगळीकडं वणवा पेटलेला असताना पलटणीच्या आधाराशिवाय त्यानं तो जिल्हा शांत ठेवला. पण पुढच्याच वर्षी सुरपूरचा व्यंकटप्पा इंग्रजांविरुद्ध उठला, पकडला गेला, आणि शिक्षा भोगायला जाताना पिस्तुलाच्या गोळीनं गेला. ज्याला मुलासारखं वाढवलं, तो आपल्याच सरकारचा कैदी म्हणून मेला. हा घाव टेलरला अखेरपर्यंत पुरला असणार.

१८६० मध्ये नळदुर्गचा मुलूख निजामाला परत मिळाला, पन्नास लाखांचं कर्जही माफ झालं. तारण सुटलं! त्याच वर्षी प्रकृती ढासळलेला टेलर निवृत्त होऊन मायदेशी गेला. आणि तिथं बसून त्यानं लिहिलं काय? तर तुळजापूर. १८६३ मध्ये आलेली त्याची ‘तारा’ ही कादंबरी सुरू होते १६५७ मध्ये. नायिका तुळजापूरच्या एका शास्त्र्याची बालविधवा मुलगी, आणि कथेचा ओघ जातो अफझलखानाच्या स्वारीपर्यंत. आपल्या भवानीच्या गावाची कथा दूर इंग्लंडातल्या घराघरांत वाचली गेली. पुढं १७५७ आणि १८५७ या सालांवरही त्यानं एकेक कादंबरी लिहिली. अखेरीस दृष्टी गेली. १३ मे १८७६ रोजी फ्रान्समधल्या मेंतों इथं तो वारला. आत्मचरित्र मुलीच्या हातून दुसऱ्या वर्षी प्रसिद्ध झालं.

हे सगळं आज सांगायचं कारण वेगळं आहे. धाराशिव हे नाव २०२३ मध्ये सरकारदरबारी परत आलं. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गाचं काम हाती घेतलं गेलं आहे. पर्यटनाच्या गप्पा जोरात आहेत. पण तुळजापूरचा भाविक पहाटे येतो, दर्शन घेतो, परडी भरतो आणि दुपारी पंढरपूर किंवा अक्कलकोटची गाडी पकडतो. रात्र इथं काढत नाही. नोकरीत असताना माझ्यासमोर लॉज-खानावळींचे कर्जप्रस्ताव येत. त्यांत उत्पन्न मांडलेलं असे नवरात्राचं, आणि बाकीच्या महिन्यांच्या रकान्यात नुसती आशा. नळदुर्ग तिथून तासाभराच्या अंतरावर, पण बहुतेकांना तो ठाऊकच नसे. आमची पोरं मात्र पुण्याच्या वाटेला लागत. ती आजही लागतात.

मॉरिशसचं उदाहरण घ्या. तिथं मराठी माणसं कित्येक पिढ्या आहेत आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. १९६८ मध्ये ते बेट स्वतंत्र झालं तेव्हा सारी मदार एका उसावर होती. आपल्या जिल्ह्यालाही हे दुखणं माहीत आहे. त्यांनी पर्यटन उभं केलं, समुद्रकिनारा सजवला. पण तेवढ्यावर थांबले नाहीत. मळ्यांवर राबायला आणलेले गिरमिटिये मजूर ज्या घाटावर उतरले, तो आप्रवासी घाट त्यांनी जपला, आणि २००६ मध्ये त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. आपल्या दुःखाची जागासुद्धा पाहुण्याला मानानं दाखवता येते, हे त्या चिमुकल्या देशानं ओळखलं.

आपल्याकडं पाणीमहाल आहे, परांड्याचा किल्ला आहे, तेर आहे, धाराशिवची लेणी आहेत, नळदुर्ग-अणदूरचा खंडोबा आहे. सुरपूरमध्ये टेलरचा बंगला ‘टेलर मंझिल’ या नावानं ओळखला जातो. नळदुर्गात शिरणाऱ्याला मात्र, इथं राहिलेल्या माणसानं तुळजापूरवर कादंबरी लिहिली, हे कोण सांगणार? गावातल्या शिकलेल्या दहा मुला-मुलींना ही गोष्ट नीट शिकवली, तुळजापूरहून सकाळी निघून संध्याकाळी परतणारी एक साधी बस ठेवली आणि पाहुणा एक रात्र राहील अशी स्वच्छ खोली नि गरम भाकरी दिली, तर फार मोठं भांडवल लागत नाही. नर-मादीचे धबधबे मात्र बोरी भरली तरच वाहतात. म्हणून आधी ओढे-नाले अडवायचे, तळी गाळातून मोकळी करायची. टेलरनंही आधी पाण्याचा आणि रस्त्याचाच विचार केला होता. कुणी तरुण असा प्रस्ताव घेऊन माझ्या टेबलाशी आला असता, तर मी तो शिफारशीसह वरच्या कचेरीत पाठवला असता.