वालचंदांचे सहप्रवासी

उद्योगपतीच्या ऐश्वर्याची खूण काळागणिक बदलत आली आहे. एके काळी ती चार घोड्यांची बग्गी होती, पुढे ती परदेशी मोटार झाली आणि आज ती स्वतःच्या दिमतीला असलेले जेट विमान आहे. १९६३ साली अमेरिकेत बिल लिअर यांच्या छोट्या जेट विमानाने पहिले उड्डाण केले, आणि त्यानंतर हे वाहन उद्योगजगतात हळूहळू रुळत गेले. या विमानांची तरफदारी करणारे दोन कारणे नेहमी पुढे करतात. वेळ वाचतो हे पहिले कारण, आणि ते हिशेबाने तपासता येते. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. ज्या माणसाची अर्ध्या तासाची भेट मिळवण्यास महिना लागतो, तो विमानात तीन तास समोर बसलेला असतो. तेथे चिठ्ठी घेऊन येणारा शिपाई नसतो, दाराशी ताटकळणारे अभ्यागत नसतात. अशा निवांतपणात धंद्यातले नाते जुळते, असे त्यांचे म्हणणे असते.

हे म्हणणे अगदीच निराधार नाही. किंबहुना, आकाशात जुळलेल्या एका ओळखीतून केवढे कार्य उभे राहू शकते, याचे ठळक उदाहरण आपल्याच देशाच्या औद्योगिक इतिहासात आहे. तथापि त्या उदाहरणातून निघणारा बोध खासगी विमानांच्या कैवाऱ्यांना वाटतो त्याहून बराच निराळा आहे. त्यासाठी सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या चरित्राकडे वळले पाहिजे.

रेल्वेच्या डब्यातून जहाजाकडे

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. दोशी घराणे मूळचे काठेवाडातील वांकानेरचे, धर्माने दिगंबर जैन. सावकारी आणि कापूस हा घरचा धंदा. तरुण वालचंदांचे मन त्यात रमले नाही. त्यांनी शिक्षण अर्ध्यावर सोडले आणि रेल्वेच्या बांधकामाचे ठेके घेण्यास प्रारंभ केला. या उद्योगातील त्यांचे पहिले भागीदार लक्ष्मणराव फाटक. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते. रेल्वेच्या कामाची आतली माहिती त्यांच्यापाशी होती, तर भांडवल उभे करण्याची ऐपत वालचंदांच्या घराण्यापाशी होती. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरू झालेली ही भागीदारी दोघांच्या जातीकुळीवर नव्हे, तर परस्परांच्या उणिवा भरून काढण्यावर उभी होती. नाते कोणाशी जोडावे याविषयीची वालचंदांची दृष्टी येथेच प्रथम दिसून येते. ज्याच्यापाशी आपल्याला ठाऊक नसलेले काही आहे, असा माणूस ते हेरीत.

याच दृष्टीची दुसरी प्रचिती १९१९ साली आली. त्यांच्या चरित्रात येणारी हकीकत अशी की, दिल्लीहून मुंबईस येताना आगगाडीच्या डब्यात एका इंग्रज सहप्रवाशाकडून ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचे एक जहाज विक्रीस असल्याचे त्यांच्या कानी आले. हे जहाज म्हणजे ‘लॉयल्टी’. १८९१ मध्ये ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने ते बांधले गेले होते आणि पहिल्या महायुद्धात शिंदे सरकारांनी रुग्णनौका म्हणून ते घेतले होते. डब्यातली गोष्ट डब्यातच विसरून जाणारे प्रवासी असंख्य असतात. वालचंद मुंबईस उतरले ते या जहाजाचा विचार डोक्यात घेऊनच. नरोत्तम मोरारजी, लल्लूभाई सामळदास, किलाचंद देवचंद अशा मातब्बरांना त्यांनी आपल्याबरोबर घेतले, सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबई बंदरातून इंग्लंडच्या दिशेने निघाली. तो दिवस १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

जहाज जुने होते आणि धंद्याच्या दृष्टीने ते फारसे लाभले नाही. १९२३ मध्ये ते मोडीत निघाले. लॉर्ड इंचकेप यांच्या बलाढ्य ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडून नव्या देशी कंपनीचा श्वास कोंडण्याचा प्रयत्न केला. अखेर १९२३ मध्ये दहा वर्षांचा एक जाचक करार पत्करून सिंदियाला किनारी वाहतुकीवर समाधान मानावे लागले. तरीही कंपनी तगली. गाडीतली ती ओळख क्षणिक होती. तिच्यामागून आलेली झुंज मात्र कित्येक वर्षे चालली.

प्रशांत महासागरावरील दिवस

यानंतरच्या वीस वर्षांत वालचंदांचा व्याप चौफेर वाढला. बोरघाटातील बोगदे, मुंबईला पाणी पुरवणारी तानसाची जलवाहिनी, हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी, नाशिक जिल्ह्यातील रावळगाव, इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर, ही केवळ नावे सांगितली तरी त्या आवाक्याची कल्पना येते. १९३९ साली ते अमेरिकेस गेले ते मोटारींच्या कारखान्यासाठी. विश्वेश्वरय्यांनी आखलेल्या मोटार उद्योगाच्या योजनेस मूर्त रूप द्यावे, त्यासाठी अमेरिकन कंपनीचे सहकार्य मिळवावे, हा या दौऱ्याचा हेतू होता. त्याच सुमारास युरोपात युद्धाचा भडका उडाला आणि परतीसाठी त्यांनी प्रशांत महासागरावरून जाणारा मार्ग धरला.

पॅन अमेरिकन कंपनीची ‘क्लिपर’ ही उडती बोट सॅन फ्रान्सिस्कोहून निघे. होनोलुलू, मिडवे, वेक, ग्वाम, मनिला असे टप्पे घेत ती हाँगकाँगला पोहोचे. दिवसा उड्डाण, रात्री बेटावरच्या हॉटेलात मुक्काम, आणि पहाटे पुन्हा पाण्यावरून झेप. या प्रवासास जवळजवळ आठवडा लागे. प्रवासी मोजके, त्यांना बसण्याउठण्यास ऐसपैस जागा, एकत्र जेवण, आणि खाली दिवसचे दिवस पाण्याखेरीज काही नाही. तिकीट परवडणारी माणसेच या विमानात असत, म्हणून ते सर्वसामान्यांचे वाहन नव्हते हे खरे. पण शेजारच्या आसनावर कोण बसणार हे ठरवणे मात्र कोणा एकाच्या हाती नव्हते.

याच प्रवासात वालचंदांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थाशी पडली. पॉली हा चीन सरकारसाठी विमाने जुळवणारा उद्योजक. जपानी आक्रमणामुळे त्याचा कारखाना मागे सरकत सरकत ब्रह्मदेशाच्या सरहद्दीजवळ लोईविंग येथे येऊन ठेपला होता. युद्धाच्या छायेत, अपुऱ्या साधनांनिशी, कुशल कामगारांची वानवा असताना विमानांचा कारखाना कसा चालवावा, याचा प्रत्यक्ष अनुभव असलेला माणूस वालचंदांच्या समोर बसला होता. मोटारींच्या कामासाठी निघालेल्या वालचंदांच्या मनात विमानांच्या कारखान्याने घर केले ते या भेटीत. चीनमध्ये जे साधले ते हिंदुस्थानात का साधू नये, हा प्रश्न त्यांनी हाँगकाँगच्या धक्क्यावर सोडून दिला नाही.

जमिनीवरचे काम

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या भेटीत कारखाना निघाला नाही; कारखान्याची कल्पना निघाली. कल्पनेपासून कारखान्यापर्यंतचे अंतर वालचंदांनी जमिनीवर पायपीट करून कापले. हिंदुस्थान सरकारने आरंभी या योजनेस थंडा प्रतिसाद दिला. वसाहतीत विमाने तयार व्हावीत ही कल्पनाच राज्यकर्त्यांना मानवणारी नव्हती. जून १९४० मध्ये फ्रान्स कोसळला तेव्हा सरकारचा सूर पालटला. म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी या योजनेत मनापासून रस घेतला. संस्थानाने जागा दिली, भांडवलात भाग घेतला. २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन झाली आणि वालचंद तिचे अध्यक्ष झाले. यंत्रसामग्री आणि तंत्रज्ञ आणण्याची जबाबदारी पॉलीने उचलली. म्हणजे क्लिपरमधील भेटीनंतर सुमारे चौदा महिन्यांत कारखान्याची पाटी लागली होती. युद्धकाळातील टंचाई आणि दळणवळणाच्या अडचणी लक्षात घेता ही गती आजही अचंबा वाटावा अशीच आहे.

पॉली आणि वालचंद यांच्या नात्याचे मर्म या चौदा महिन्यांत आहे. पॉलीला नवे क्षेत्र हवे होते, वालचंदांना विद्या हवी होती. दोघांची गरज खरी होती आणि ती परस्परांपासून लपवलेली नव्हती. समुद्रावरच्या त्या दिवसांनी ओळख दिली. विश्वास दिला तो तारा, करार, आराखडे आणि वेळेवर येऊन पोहोचलेल्या यंत्रांनी.

नाते आणि सत्ता

या कथेचा उत्तरार्ध सुखद नाही, आणि तो गाळून वालचंदांचा गौरव करणे अप्रामाणिकपणाचे होईल. एप्रिल १९४१ पर्यंत हिंदुस्थान सरकारने पंचवीस लाख रुपये घालून कंपनीत एक तृतीयांश वाटा घेतला. त्याच वर्षी कारखान्यात जुळवलेले हार्लो जातीचे शिकाऊ विमान उडाले. पुढे ब्रह्मदेश जपानच्या हाती जाऊ लागला, युद्ध दाराशी येऊन ठाकले आणि एप्रिल १९४२ मध्ये सरकारने वालचंद व त्यांच्या सहकाऱ्यांचे भाग विकत घेऊन कारखाना आपल्या ताब्यात घेतला. मोबदला मिळाला, अधिकार गेला. ज्या उद्योगाचे बीज महासागरावर पडले होते, त्याच्याशी वालचंदांचा संबंध सोळा महिन्यांतच तुटला. १९४३ मध्ये तर तेथे अमेरिकन वायुदलाची विमाने दुरुस्तीला येऊ लागली. विशाखापट्टणमच्या जहाज बांधणीच्या गोदीचेही तेच झाले. जून १९४१ मध्ये डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तिची कोनशिला बसली, १९४८ मध्ये ‘जलउषा’ पाण्यात उतरली, आणि १९५२ मध्ये, या वेळी स्वतंत्र भारताच्या सरकारने, गोदी आपल्याकडे घेतली. मोटारींचा कारखाना तेवढा हाती राहिला. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या गाड्या पुढे कुर्ल्याहून देशभर गेल्या. १९४९ मध्ये पक्षाघाताने वालचंदांना गाठले, पुढल्या वर्षी ते कामातून निवृत्त झाले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.

वालचंद कोणी विरक्त पुरुष नव्हते. विमाने विकत घेणारे गिऱ्हाईक सरकारच असणार हे त्यांना पक्के ठाऊक होते आणि सरकारी मागणीच्या हमीवाचून त्यांनी कारखाना काढला नसता. मात्र सरकारशी त्यांचा व्यवहार उघड होता. तो अर्ज, तारा, बैठका आणि जाहीर टीका यांच्या मार्गाने चाले. त्यात ते कधी हरले, कधी जिंकले. येथेच आजच्या खासगी विमानांविषयी बोलणे भाग आहे.

विमान मालकाचे असते तेव्हा सहप्रवासी कोण हे मालक ठरवतो. अपरिचित माणूस त्या दारातून आत येतच नाही. जुने नाते घट्ट करण्यास हे वाहन उपयोगी पडेल. परंतु पॉलीसारखा माणूस, ज्याचे नाव आदल्या दिवशीपर्यंत कानावरही नव्हते, तो तेथे भेटणार नाही. आणि त्या बंद दालनातला पाहुणा जेव्हा मंत्री किंवा अधिकारी असतो, तेव्हा तर ते धंद्यातले नाते राहत नाही, ते उपकाराचे ओझे होते. आसनाचे भाडे त्या दिवशी मागितले जात नाही, एवढेच. ते पुढे कोणत्या तरी परवान्यात, कोणत्या तरी निविदेत फेडले जाते, आणि फेडणारा बहुधा त्या विमानात कधीच न बसलेला सामान्य नागरिक असतो. लोकप्रतिनिधींनी आणि अधिकाऱ्यांनी कोणाच्या विमानातून किती प्रवास केला याची नोंद नियमितपणे जनतेपुढे यावी, ही मागणी म्हणूनच रास्त आहे. उद्योगपतींच्या सुखसोयींविषयीचा मत्सर तिच्यामागे नाही.

वालचंदांनी लावलेले रोप दुसऱ्यांच्या अंगणात वाढले. त्या कारखान्यात पुढे कोल्हापूरकडच्या विष्णू माधव घाटगे यांच्यासारख्या अभियंत्याने भारतीय आराखड्याचे एचटी-२ हे विमान घडवले आणि १९५१ मध्ये ते आकाशात गेले. १९६४ पासून हीच संस्था हिंदुस्थान एरोनॉटिक्स या नावाने ओळखली जाते. बंगळूरला विमानांचे शहर असा जो लौकिक मिळाला, त्याच्या मुळाशी सोलापूरच्या एका प्रवाशाची परक्या माणसाचे बोलणे लक्षपूर्वक ऐकण्याची सवय आहे. ती सवय ज्याला असेल त्याला आगगाडीचा डबाही पुरतो. ज्याला नसेल त्याने कितीही उंचावरून प्रवास केला तरी तो एकटाच जातो आणि एकटाच परततो.