सागराचा हिशेबनीस : सर ॲलिस्टर हार्डी

मोठा मासा लहान माशास गिळतो, हा मत्स्यन्याय सर्वश्रुत आहे. परंतु त्या लहान माशाचे पोट कशावर भरते, हा प्रश्न थोड्यांनाच पडतो. या प्रश्नासाठी ज्यांनी आपली उमेदीची वर्षे वेचली, त्यांत सर ॲलिस्टर हार्डी यांचे नाव अग्रगण्य आहे.

हार्डी यांचा जन्म १८९६ साली इंग्लंडातील नॉटिंगहॅम येथे झाला. पहिल्या महायुद्धात सैन्यात सेवा करून त्यांनी ऑक्सफर्ड येथील शिक्षण पुरे केले आणि १९२१ साली ते लोस्टॉफ्ट बंदरातील मत्स्य-प्रयोगशाळेत रुजू झाले. तेथील कोळ्यांचा चरितार्थ हेरिंग माशावर चाले. हार्डींनी हेरिंगच्या पोटातील अन्न बारकाईने तपासले. त्यात कोपेपॉड जातीचे, तांदळाच्या दाण्याहूनही लहान असे कवचधारी जीव विपुल आढळले. हे जीव पाण्यातील अतिसूक्ष्म वनस्पती खातात आणि स्वतः माशांचे भक्ष्य होतात. सूर्यप्रकाशावर वाढणारी वनस्पती आणि कोळ्याचे जाळे यांना जोडणारा दुवा तो हाच!

१९२५ ते १९२७ या काळात ‘डिस्कव्हरी’ जहाजावरून त्यांनी दक्षिण महासागराची सफर केली. तेथे अजस्र देवमासेही क्रिल नावाच्या कोळंबीसारख्या इवल्या जीवांवर पोसतात. हे तरंगते जीव समुद्रात सर्वत्र सारखे पसरलेले नसून ढगांप्रमाणे पुंजक्यापुंजक्यांनी असतात. म्हणून एका ठिकाणी जाळे टाकून केलेली गणना फसवी ठरते. यावर हार्डींनी एक यंत्र योजिले. ते जहाजामागे ओढले जाताना पाण्याच्या वेगाने त्याचा पंखा फिरतो, रेशमी पट्टी हळूहळू सरकते, तीवर जीव अडकतात आणि दुसऱ्या पट्टीखाली झाकले जाऊन औषधी द्रवात सुरक्षित राहतात. मैलामैलाचा हिशेब अशा रीतीने रेशमावर उमटतो.

१९२८ साली ते हल येथे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९३१ पासून व्यापारी जहाजांनी हे यंत्र ओढण्यास आरंभ केला. दुसऱ्या महायुद्धात खंडित झालेले हे काम पुढे पुन्हा सुरू झाले. १९५७ साली हार्डींना ‘सर’ ही पदवी मिळाली व १९८५ साली ते निवर्तले.

त्यांचे यंत्र मात्र आजही समुद्र मोजीत आहे. उत्तर समुद्र तापू लागला, तशी थंड पाण्यातील कॅलॅनस ही कोपेपॉडची जात उत्तरेकडे सरकली आणि त्यांवर वाढणाऱ्या कॉड माशाच्या पिलांचे अन्न घटले, हे याच नोंदींतून उमगले. हार्डींनी हिशेब मांडला तो हेरिंगसाठी. तो उपयोगी पडला एका अकल्पित संकटाच्या वेळी. नित्यनेमाने, चोख ठेवलेल्या नोंदीचे मोल पुढील पिढ्यांना कळते, हाच त्यांच्या चरित्राचा बोध होय.