चेंडू चालला, बाळू चालला नाही

बुवापाड्यातील आमच्या मंडळाच्या बैठकीत यंदा एका साध्या गोष्टीवरून वाद झाला. जयंतीनिमित्त मुले टेनिस बॉलचे सामने भरवतात, त्या सामन्यांच्या चषकाला कोणाचे नाव द्यावे असा विषय निघाला. आम्ही बाळू पालवणकरांचे नाव सुचविले. तरुणांपैकी बहुतेकांनी हे नाव ऐकलेच नव्हते. ज्यांनी ऐकले होते अशा दोन ज्येष्ठांचे हात मात्र लगेच वर गेले. एकाने सांगितले की हा माणूस १९३७ साली बाबासाहेबांच्या विरोधात काँग्रेसतर्फे उभा होता. दुसऱ्याने जरा आवाज खाली आणून पुस्ती जोडली की तो चांभार, आपला नव्हे. विषय तहकूब झाला.

पहिला आक्षेप खरा आहे, आणि तो आम्हाला लपवायचा नाही. दुसरा आक्षेप मात्र आम्हाला घरी येईपर्यंत बोचत राहिला. ज्या माणसाला हयातभर त्याच्या जातीच्या मापाने मोजले गेले, त्याच्यासाठी तेच माप आता आम्हीही काढायचे काय? म्हणून आज त्याची हकीकत सांगतो. चषकाचे काय व्हायचे ते होवो.

पालवणकर हे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील पालवणचे. बाळूंचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाडला झाला. वडील लष्कराच्या नोकरीत असल्याने कुटुंब पुण्यात आले. लष्करी छावणीत गोऱ्या साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू यांवर बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळ शिकले. शाळा फार झाली नाही, घरात पैशाची गरज होती. बाळूंनी पहिली नोकरी धरली ती पारशांच्या एका क्रिकेट क्लबात. काम खेळपट्टी झाडण्याचे आणि रोलर फिरवण्याचे, पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे पगार चार रुपये, काम तेच, शिवाय नेट बांधायची.

अस्पृश्याच्या हाती झाडू आणि रोलर द्यावा हे कोणाला खटकले नाही, कारण हात पाहूनच काम वाटायचे ही या देशाची जुनी रीत. ती किती चिवट आहे हे सर्वोच्च न्यायालयाच्या ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालावरून कळते. तुरुंगांच्या नियमावल्यांत स्वयंपाक कोणत्या जातीच्या कैद्याने करायचा आणि झाडलोट कोणत्या जातीच्या, हे स्वातंत्र्याला पाऊणशे वर्षे होऊन गेली तरी लिहिलेले होते. त्या तरतुदी न्यायालयाने त्या दिवशी रद्द केल्या. मग १८९२ साली एका क्लबाने काय केले याचे नवल कशाला करायचे?

पण नेट बांधणाऱ्या पोराच्या हाती कोणीतरी एक दिवस चेंडू दिला. साहेबांना सरावासाठी गोलंदाज हवाच होता. बाळू डावखुरे होते, हळू टाकत, पण चेंडू दोन्ही बाजूंनी वळवत. त्या क्लबात जे. जी. ग्रेग नावाचा लष्करी अधिकारी होता. इंग्लंडात हॅम्पशायरकडून खेळणारा हा मातब्बर फलंदाज इतरांच्या आधी मैदानावर येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी. दरवेळी आपल्याला बाद केल्यावर तो आठ आणे देई अशी कथा सांगतात. आठ आण्यांच्या हिशेबाने बाळूंचा पगार दुप्पट करायला महिन्यात आठ वेळा त्याला बाद करणे पुरे होते. कथा खरी असो नसो, सराव खरा होता. उन्हातान्हात शेकडो तास, एकाच टप्प्यावर, एका पट्टीच्या फलंदाजाविरुद्ध.

आता यातली खरी गोम ऐका. या शेकडो तासांत बाळूंच्या हाती त्या क्लबात एकदाही बॅट दिली गेली नाही. गोलंदाजी म्हणजे राबणे, घाम गाळणे, ती नोकराने करावी. फलंदाजी साहेबाने करावी. म्हणजे जात न मानणाऱ्या गोऱ्या साहेबाच्या मैदानावरही चातुर्वर्ण्य होतेच, फक्त त्याचे धर्मशास्त्र वेगळे होते. राबणारे हात आणि चालवणारे डोके ही वाटणी एकदा मनात बसली की समोरचा माणूस काय करतो ते दिसतच नाही. फलंदाजाचे मन ओळखून टप्पा बदलणे, वेग चोरणे, त्याला पुढे ओढून फसवणे हे सगळे डोक्याचे काम. पण करणारा चांभार, म्हणून ती हातचलाखी ठरायची.

पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते. हरवू शकणारा माणूस समोर रोलर फिरवीत होता. घ्यावे की न घ्यावे यावर क्लबात दोन तट पडले. तेलुगू सभासद घ्या म्हणत होते, ब्राह्मण सभासदांना ते नको होते. असा माणूस न घेणे हा मूर्खपणा ठरेल असे मत शेवटी ग्रेगनेच जाहीरपणे दिले, तेव्हा बाळू संघात आले. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सर्वांनी झेलला. क्रिकेटचा चेंडू चामड्याचा असतो हे येथे सांगितले पाहिजे. कमावलेल्या, शिवलेल्या चामड्याचा तो गोळा सोवळ्यातले हात दिवसभर आनंदाने झेलत होते. चहाची वेळ झाली की मात्र बाळू तंबूच्या बाहेर. बाकीच्यांना चिनी मातीचे कप, त्यांना फेकून द्यायचे मातीचे भांडे. जेवायला वेगळे ताट, वेगळी जागा. हात-तोंड धुवायचे तर पाणी आणून द्यायला अस्पृश्य नोकर. साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याविरुद्ध त्यांनी सात बळी घेतले, बाळूंची फिरकी चालू नये म्हणून खेळपट्टी आठवडेच्या आठवडे रोलरखाली ठेवली होती तरी. परतल्यावर सत्कार झाला. हार घालायला न्यायमूर्ती रानडे होते. ज्यांच्यासोबत खेळता त्यांच्यासोबत जेवायलाही हरकत नसावी, हे रानड्यांनी सुनावले म्हणतात. हार मिळाला, चहा बाहेरच राहिला.

येथे आमचा एक अनुभव सांगावासा वाटतो. वकिलीच्या पहिल्या वर्षी एका न्यायालयाच्या आवारात आम्ही काळा कोट हातावर टाकून उभे होतो. उन्हाळा होता. तेथील एका कर्मचाऱ्याने आम्हाला विचारले की तुमच्या मुलाची तारीख कोणत्या टेबलावर आहे. त्याने काही वाईट हेतूने विचारले नव्हते, मदतच करीत होता. आमचा रंग, आमच्या चपला आणि हातातल्या फाइलवर लिहिलेला बुवापाडा हा पत्ता त्याने पाहिला आणि त्याच्या मनातल्या चौकटीत आम्ही आरोपीचे वडील म्हणून चपखल बसलो. वय होते सव्वीस! पुरावा कायद्याचे तत्त्व असे की आरोपीची चाल-चलन वाईट होती एवढ्यावरून गुन्हा शाबीत होत नाही. आरोपीने स्वतः आपल्या चांगुलपणाचा पुरावा दिला नाही तर तो विषयच अप्रस्तुत. १८७२ च्या कायद्यात हे होते, १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. पण पत्त्याचे काय? तो कोणी पुरावा म्हणून दाखल करीत नाही. तो न मांडताच वाचला जातो.

पुण्यात प्लेग आला तेव्हाच्या धामधुमीत बाळू मुंबईला गेले, पुढे बी. बी. अँड सी. आय. रेल्वेच्या संघात खेळले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यातही त्यांच्या प्रवेशावरून कुरबूर झालीच. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू विरुद्ध युरोपियन हा सामना मुंबईत झाला. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ बळी घेतले, शिवरामही त्या संघात होते. आणि मुंबईकरांनी बाळूंना आत बसवून चहा पाजला. वृत्तपत्रांनी याचे फार कौतुक केले. एक कप चहा, आणि त्यावर अग्रलेख!

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघ बरेच सामने हरला, पण पस्तिशी गाठलेल्या बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १९ च्या आत. परत आल्यावर मुंबईच्या अस्पृश्य बांधवांनी त्यांचा सत्कार केला आणि त्याचे मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या तरुण भीमरावांनी लिहिले असे चरित्रकार सांगतात. आमच्या बैठकीतील ज्येष्ठांना हे ठाऊक नव्हते. १९३७ ठाऊक होते, १९११ नाही.

लगान हा सिनेमा २००१ साली आला तेव्हा आमच्या वस्तीत लोकांनी तो टाळ्या वाजवीत पाहिला. त्यात एक अस्पृश्य गोलंदाज आहे, त्याला पाहून अनेकांना बाळूंची आठवण झाली. पण नीट पाहा. त्याचे नाव कचरा. त्याचा चेंडू वळतो तो हात जन्मतः वाकडा आहे म्हणून, आणि हे त्याला स्वतःला ठाऊकच नसते, गावच्या नायकाने ते शोधून काढायचे. बाळूंचा हात धड होता. त्यांचा चेंडू वळायचा तो सरावाने. अस्पृश्याचा गुण हा अपघात किंवा दैवी देणगी मानायला लोक पटकन तयार होतात, कष्ट आणि बुद्धी मानायला नाही. सिनेमावाल्यांच्या मनात दुष्टावा होता असे आम्ही म्हणत नाही. चौकट त्यांच्याही मनात होती.

ही चौकट सर्वांत उघडी पडली ती कप्तानपदाच्या प्रश्नावर. १९१० नंतर हिंदू संघात बाळूंपेक्षा ज्येष्ठ आणि यशस्वी कोणी नव्हते. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ बळी घेतले, सरासरी १५ च्या आसपास. तरीही कप्तान होत गेले ते दुसरेच. एम. डी. पै यांना १९१३ साली कप्तान केले तेव्हा हा मान बाळूंचा होता असे स्वतः पैंनीच सत्कारात बोलून दाखविले. हे सरळपण दुर्मीळ, त्याची नोंद झालीच पाहिजे. बळी घ्यायला बाळू, शिवराम. धावा काढायला तिसरे बंधू विठ्ठल. हुकूम द्यायला मात्र कोणीतरी वरचा. १९२० च्या चौरंगी सामन्यांत पै आजारी पडले. बाळूंना वगळले होते, विठ्ठल संघात होते. कप्तान केले दि. ब. देवधरांना. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी निवेदन काढून संघ सोडला. खेळात जातीचा अपमान सहन न करता बाहेर पडणे ही त्या काळात छोटी गोष्ट नव्हती. गवगवा झाला, अंतिम सामन्याला बंधूंना परत बोलावले, बाळूंना उपकप्तान केले. सामना चालू असताना पै काही काळ मैदान सोडून गेले आणि तेवढा वेळ बाळू हिंदूंचे कप्तान झाले. पस्तीस-चाळीस वर्षांच्या सेवेचे नव्हे, पण पाव शतकाच्या सेवेचे हे फळ. पुढे १९२३ साली विठ्ठल कप्तान झाले, हिंदू जिंकले, आणि सवर्ण तरुणांनी त्यांना खांद्यावर घेतले.

आता १९३७ कडे येऊ. त्याआधी २४ सप्टेंबर १९३२ रोजी झालेल्या पुणे करारावर बाळूंची सही आहे. स्वतंत्र मतदारसंघाला त्यांचा विरोध होता. १९३५ साली बाबासाहेबांनी येवल्यात धर्मत्यागाची घोषणा केली, तीही त्यांना पटली नाही. आणि १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत ते काँग्रेसचे उमेदवार म्हणून स्वतंत्र मजूर पक्षाच्या बाबासाहेबांसमोर उभे राहिले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५.

बाळू चुकले, याबद्दल आमच्या मनात संशय नाही. काँग्रेसने त्यांच्या कीर्तीचा उपयोग करून घेतला यातही नाही. पण ते का चुकले? त्यांच्या आयुष्याने त्यांना एक दार इंचाइंचाने उघडताना दाखविले होते. आधी चेंडू, मग आतला चहा, मग उपकप्तानपद, मग भावाचे कप्तानपद. हिंदू समाज आतून सुधारतो असा निष्कर्ष त्यांनी काढला. बाबासाहेबांनी त्याच घटनांचा अर्थ निराळा लावला असता: हिंदूंना विकेट हवी होती म्हणून दार उघडले, आणि ज्यांना चेंडू वळवता येत नाही त्या कोट्यवधींसाठी ते बंदच राहिले. हा दोन विचारांचा फरक आहे. बाळूंच्या विचारावर टीका करा, जोरात करा. पण तो चांभार म्हणून तसा वागला असे म्हणाल तर तुम्ही त्याला विचार करणारा माणूस मानायलाच नकार देत आहात. पूना क्लबाने याहून वेगळे काय केले होते?

१९३७ ला बाळू, १९५२ ला काजरोळकर, एवढी दोन नावे घेऊन आपल्याकडे एका सबंध समाजाचा निकाल लावला जातो. मग सीताराम नामदेव शिवतरकर कोण होते? बहिष्कृत हितकारिणी सभेच्या दिवसांपासून बाबासाहेबांच्या सोबत राबलेले शिवतरकर मास्तर चांभारच. पां. ना. राजभोज कोण होते? पुणे करारावर बाळूंप्रमाणेच सही करणारे हे राजभोज पुढे शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे सरचिटणीस झाले, आणि १९५२ साली बाबासाहेब मुंबईत हरले तेव्हा फेडरेशनच्याच तिकिटावर सोलापुरातून लोकसभेवर निवडून गेले. तेही चांभारच. ही नावे ज्यांना आठवत नाहीत त्यांना काजरोळकर मात्र बरोबर आठवतात.

बाळू पालवणकर ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारले. नागपूरची दीक्षाभूमी त्यानंतर सव्वा वर्षाने घडली.

मंडळाची पुढची बैठक रविवारी संध्याकाळी आहे. आम्ही हे कात्रण घेऊन जाणार आहोत. गेल्या बैठकीनंतर आमच्याच चाळीतला एक मुलगा जिन्यात भेटला, तो डावखुरा फिरकी टाकतो. दोन्ही ज्येष्ठांचे आक्षेप त्याने ऐकले होते. त्याने आम्हाला विचारले ते एवढेच, की बाळू चेंडू दोन्ही बाजूंनी वळवायचे म्हणजे नेमके बोट कुठे ठेवायचे. आम्हाला सांगता आले नाही.