ध चा मा शोधून काढणारे रामशास्त्री

मैत्रिणींनो, कुणी सांगितलेला शब्द फिरवला, एकाचं दुसरंच केलं की आपण पटकन म्हणतो, हिनं ध चा मा केला. पण हा ध चा मा ज्यांच्या चौकशीत उघडकीला आला असं सांगतात, ते रामशास्त्री प्रभुणे आपल्याला फारसे आठवत नाहीत. आपल्या आधीच्या पिढीनं प्रभातचा १९४४ सालचा रामशास्त्री हा सिनेमा तरी बघितला होता. आजच्या मुलांना ते नावसुद्धा ठाऊक नसतं.

रामशास्त्री साताऱ्याजवळच्या माहुलीचे. लहानपणी शिक्षण असं झालंच नाही. साताऱ्यातल्या एका सावकाराकडे ते पडेल ते काम करायचे. एकदा सावकाराच्या पायावर पाणी घालताना त्यांची नजर त्याच्या कानातल्या दागिन्यावर खिळून राहिली. असं लेणं घालायचं तर अंगी शौर्य तरी हवं नाहीतर विद्या तरी, असं सावकार बोलून गेला, अशी कथा आहे. तो टोमणा जिव्हारी लागला. वयाच्या विशीत, अक्षरओळख बेताची असताना या मुलानं काशी गाठली आणि धर्मशास्त्र शिकूनच तो परतला. दहावीत मार्क कमी पडले म्हणून पोराला नावं ठेवणाऱ्या आपण आयांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

१७५१ मध्ये ते पेशव्यांच्या पदरी शास्त्री म्हणून लागले आणि १७५९ मध्ये न्यायाधीश झाले. राहणी अगदी साधी. त्यांच्या पत्नीची गोष्ट तर घरोघरी सांगितली जायची. वाड्यावर हळदीकुंकवाला गेलेल्या या बाईंना दागिन्यांनी मढवून पालखीतून घरी पाठवलं, तर शास्त्रीबुवांनी दारातच ओळख दाखवली नाही. ही पालखी घर चुकली असणार, असं म्हणून ते आत गेले. बाई समजल्या, परत जाऊन सगळे दागिने उतरवून पायी घरी आल्या. नाव शास्त्रीबुवांचं झालं, पण तो मोह सोडला तो या माउलीनं. न्यायाधीशाच्या घरात एकदा का भेटवस्तू शिरली की निकाल सरळ राहील का?

त्यांची खरी कसोटी लागली १७७३ साली. ३० ऑगस्टला, ऐन गणपतीच्या दिवसांत, शनिवारवाड्यात गारद्यांनी अवघ्या अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा खून केला. पोर काकाला मिठी मारून जीव वाचवा म्हणत होतं, असं सांगतात. आडव्या आलेल्या नोकरमाणसांचेही प्राण गेले, त्यात दासीसुद्धा होत्या. आणि खुनानंतर गादीवर कोण बसलं? तोच काका, रघुनाथराव!

आता या खुनाची चौकशी करायची म्हणजे काय, विचार करा. ज्याच्यावर संशय, त्याच्याच हातात राज्य. साक्षीदार त्याचेच चाकर. खरं बोलावं तर मान जाईल आणि खोटं बोलावं तर मन खाईल. तरीही रामशास्त्र्यांनी पाच-सहा आठवडे माहिती काढली. कोण कुठे होतं, कुणी हुकूम दिला, पैसा कुणी कबूल केला, याचा धागा धरत ते थेट रघुनाथरावांपर्यंत पोचले. ४९ माणसं दोषी ठरली. त्यात गारदी तर होतेच, पण चांगले प्रतिष्ठित लोकही होते. रघुनाथरावांनी पुतण्याला धरण्याचा हुकूम दिल्याचं कबूल केलं. त्या कागदावर धरावे या शब्दाचं मारावे झालं होतं, असं म्हणतात, आणि ठपका आनंदीबाईंवर आला. तो खराच त्यांचा हात होता का, यावर अजून वाद आहे. रामशास्त्र्यांनी मात्र राज्यकर्त्याच्या तोंडावर सांगितलं, की या पापाला देहान्त हेच प्रायश्चित्त. एवढं बोलून ते थांबले नाहीत. पद सोडलं, पुणं सोडलं आणि वाईकडच्या खेड्यात जाऊन राहिले. पुढे बारभाईंचा कारभार आल्यावर त्यांना मानानं परत बोलावलं गेलं. १७८९ मध्ये वारले तोवर ते न्यायदानाचंच काम करत होते.

इथे निमोण्यात आणि आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवर बायकांची कामं घेऊन फिरताना मला त्यांची फार आठवण येते. मारहाण डोळ्यांदेखत झालेली असते, पण जबाब द्यायची वेळ आली की शेजारीण म्हणते, आपण कशाला मधे पडायचं? ही भीती मोठी आहे आणि ती अज्ञानातून वाढते. म्हणून काही गोष्टी पदराशी गाठ मारून ठेवा. साक्षीदार बाईला जबाबासाठी पोलीस ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, तिच्या राहत्या घरी येऊन विचारावं लागतं. अत्याचार झालेल्या बाईचा जबाब महिला पोलिसानं घ्यायचा असतो. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारात तर शक्यतो मुलाच्या घरी आणि गणवेश न घालता विचारपूस करावी, असं २०१२ चा कायदा सांगतो. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर सही करावी लागत नाही. फिर्याद मात्र वाचून घेऊन, समजून घेऊनच सही करायची. तिची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

कारण ध चा मा आजही होऊ शकतो, बायांनो. आपण सांगितलेलं एक आणि कागदावर उतरलेलं दुसरं, असं होऊ द्यायचं नसेल तर तो कागद शेवटपर्यंत वाचून घेतल्याशिवाय जागचं उठायचं नाही.